सत्कारानं गेलेली नोकरी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या खारआळी ग्रामस्थ मंडळाची धुरा वर्षानुवर्षं वाहणारे आदरणीय नरहरीभाऊ चौधरी, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे आणि एकेकाळचे आपल्या सरकारी गाडीचे चालक श्री. सेबॅस्टियन रुमाव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते श्री. जितेंद्र इंगोले, त्यांच्या सौभाग्यवती स्वप्नाताई, आईच्या पदराआडून माझ्याकडे बघणारी त्यांची मेघना, आगाशीहून आणि पार उमेळ्याहून वेळ काढून आलेली पाहुणेमंडळी, आणि माझ्या आळीतल्या बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना मनोरमा पुरवचा नमस्कार.

मंडळानं मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. चार शब्द बोलायला उभा राहिलेला माणूस आपल्याकडे पाऊण तासाच्या आत बसल्याचं मला आठवत नाही. पण माझी सगळी नोकरी आगाशीच्या पोस्टात खिडकीमागे झाली. तिथे रांग ताटकळत ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे आटोपतं घ्यायची सवय आहे. समाजमंदिराचा हा पंखा माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतोय. मागच्या मंडळींना ऐकू आलं नाही तर हात वर करावा.

आत येताना चारपाच जणांनी मला विचारलं, ‘मनोरमाताई, बाहेर फ्लेक्स कसा नाही लागला?’ प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे साखरपुड्याला फ्लेक्स लागतो, दहावीला काठावर पास झालेल्यालाही लागतो, गेल्या वर्षी नाक्यावर एका कुत्र्याच्या वाढदिवसाचा लागला होता आणि त्यावर शुभेच्छुकांचे फोटो कुत्र्यापेक्षा मोठे होते. मग ज्या माणसानं दोन वर्षं आपल्या आळीची फुलं वाहिली त्याच्या निरोपाला फ्लेक्स का नसावा? आळीतल्या लोकांना कारण माहीत आहे. ते खाली बघतायत ते मला इथून दिसतंय. पण बाहेरच्या पाहुण्यांना हकीकत ठाऊक नसेल, म्हणून थोडं मागून सांगते. अध्यक्षमहाराजांची परवानगी आहे ना? त्यांनी मान डोलावली. झोपेत नसावी.

आमची आळी आगाशीच्या पुढे, रस्ता जिथे संपतो तिथे. पुढे खारजमीन आणि मग समुद्र. बस इथे येते ती वळायला. आमच्या वाड्यांमधून मोगरा, सोनचाफा, तगर, थंडीत कागडा, असं जे काही निघतं ते दादरच्या फूलबाजारात उजाडता उजाडता पोचावं लागतं. ऊन चढलं की कळी उमलते. घरात मोगरा उमलला तर आपल्याला आनंद होतो, बाजारात उमलला की त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून आमच्या बायकांचं सगळं गणित विरारला लोकल गाठून देणाऱ्या पहिल्या बसवर. ती चुकली की दिवस गेला.

सरकारी गाडी होती तेव्हा ही पहिली गाडी सेबॅस्टियनभाऊ आणायचे. तळ्याच्या वळणावर दोनदा हॉर्न द्यायचे. तो ऐकला की बायका टोपल्या डोक्यावर घेऊन घराबाहेर पडायच्या. टोपलीवर ओला पंचा, त्यावर केळीचं पान. मग गाडीतले नोकरदार उठायचे, हातातली बॅग बाजूला ठेवायचे आणि टोपल्या हातोहात मागे जायच्या. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघालेले लोक हे करायचे आणि शर्टावर पाणी सांडलं म्हणून कुणी कुरकुर करत नसे. शेवटी बायकांपैकी एकजण गाडीतल्या देवाच्या तसबिरीला ताजा गजरा लावायची आणि गाडी निघायची. सेबॅस्टियनभाऊ रविवारी चर्चला जाणारे, पण तसबिरीवरचा कालचा गजरा त्यांनी कधी राहू दिला नाही.

आता मी सरकारी गाडीचे गोडवे गाणार असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. त्या गाडीत छत्री उघडून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. खिडकीची काच वर गेली तर खाली येत नसे आणि खाली आली तर वर जात नसे. गाडी ऐनवेळी रद्द झाली की ‘येईल, येईल’ म्हणत आम्ही तास तास उभे राहिलोय आणि सरकारच्या नावानं बोटं मोडली आहेत. पण एक गोष्ट होती. बोटं मोडायला समोर कुणीतरी होतं.

सेबॅस्टियनभाऊ, तुमची ती गोष्ट सांगते, रागावू नका. एकदा तपासणीवाल्यांनी त्यांना धरलं. वेळेपेक्षा जास्त थांबले, गाडीला उशीर केला, टोपल्या आत घेतल्या. हातात चार्जशीट. ही बातमी आळीत कळली आणि दुसऱ्या दिवशी अर्धी आळी आगारात. आगारप्रमुख आधी ओरडले. मग बसले. मग त्यांनी आमच्या एका काकूंना विचारलं, ‘बाई, तुम्हाला नक्की किती वेळ लागतो टोपल्या चढवायला?’ आमच्या काकूंना घड्याळ कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘एक चहा पिऊन होतो तेवढा.’ सेबॅस्टियनभाऊंची पगारवाढ अडकली ती अडकलीच, ते अजून त्यावरून आम्हाला टोमणे मारतात. पण पुढच्या वेळापत्रकात आमच्या आळीच्या थांब्यावर पहिल्या गाडीला दहा मिनिटं जास्त मिळाली, आणि टोपलीला सामानाचं तिकीट लागू झालं. चूक धरली गेली, शिक्षाही झाली, आणि नंतर जे चुकीचं होतं तेच नियमात बसवलं गेलं. आम्हाला वाटलं, जगाची रीतच अशी असते. जाऊन भेटायचं, सांगायचं, समोरचा माणूस आहे, ऐकेल.

मग सरकारी गाडी बंद झाली आणि शहरातल्या बसगाड्या ठेक्यानं चालवायला एका कंपनीला दिल्या गेल्या. वाईट वाटलं का आम्हाला? खरं सांगू? नाही वाटलं. मऊ सीट, बंद होणारा दरवाजा, पुढच्या थांब्याचं नाव सांगणारी बाई. त्या पहिल्या बसला आम्ही हार घातला, नारळ फोडला, आणि सेबॅस्टियनभाऊंनाच तिच्यापुढे उभं करून फोटो काढला. ठेका देताना बसचा रंग ठरला, भाडं ठरलं, दिवसाकाठी किती फेऱ्या तेही ठरलं. टोपलीबद्दल कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. श्वास चालू असतो तेव्हा त्याची कोण आठवण ठेवतो?

त्या कंपनीच्या गाडीवर जितेंद्र आला. मूळचा मंगळवेढ्याचा. मनवेलपाड्याला चाळीत खोली घेतलेली, स्वप्नाताई विरारला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला. पहिल्या दिवशी त्यानं नियमाप्रमाणे दार बंद केलं आणि टोपलीवाल्यांना घेतलं नाही. टोपली म्हणजे माल, आणि माल न्यायचा नाही असा हुकूम. बाकीच्या बायका चडफडत रिक्षा शोधायला गेल्या. रुक्मिणीकाकू तेवढ्या तिथेच कट्ट्यावर बसून राहिल्या. जितेंद्र एक फेरी मारून परत आला तरी त्या तिथेच, आणि टोपलीतला मोगरा उमलून पांढरा झालेला. हा खाली उतरला. म्हणाला, ‘आजी, घरी का नाही गेलात?’ तर काकू म्हणाल्या, ‘घरी जाऊन कोनाला वास देऊ?’

काकू हसताहेत. हसा. त्या दिवशी तुम्ही हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी विरारहून येणारी पहिली रिकामी बस नेहमीपेक्षा लवकर आली. गाडी वळवून निघायच्या आधी चालकाला थोडा वेळ मिळतो, त्यात चहा घ्यायचा असतो. जितेंद्रनं चहा सोडला. त्या वेळात टोपल्या चढू लागल्या, म्हणजे गाडी सुटायची ती वेळेवरच. बसमध्ये यंत्र असतं, गाडी कुठे किती थांबली ते कंपनीला कळतं. त्या यंत्राला तक्रारीची जागाच त्यानं ठेवली नाही. आणि टोपली फुकट जाऊ नये म्हणून रुक्मिणीकाकूंनी तोड काढली: टोपलीचंही माणसासारखं पुरतं तिकीट घ्यायचं. वाहकानं ते मान्य केलं. त्या वाहकाचं नाव मी आज घेणार नाही, कारण त्याची नोकरी अजून आहे.

तसं दोन वर्षं चाललं. कंपनीचं नुकसान नाही, प्रवाशांची तक्रार नाही, फुलं वेळेवर दादरला. नोकरदार मंडळी पुन्हा उठून टोपल्या मागे सरकवू लागली. मऊ सीटवर केळीचं पान टेकू नये म्हणून जितेंद्रनं घरून जुनी चादर आणून शेवटच्या बाकावर घातली. तसबीर लावायची परवानगी नव्हती, म्हणून गजरा तो स्टिअरिंगच्या बाजूला अडकवायचा आणि गाडी विरारला पोचली की काढून ठेवायचा. कुणाला काही कळत नव्हतं. मंडळी, कुणाला काही कळत नव्हतं म्हणूनच सगळं नीट चाललं होतं, हे आम्हाला कळायला हवं होतं.

मग आला आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. दरवर्षी आपण कुणाचा तरी सत्कार करतो. एकदा निवृत्त तहसीलदार झाले, एकदा कुणाचा जावई परदेशातून आला होता म्हणून त्याचा झाला. यंदा बैठकीत आपला प्रितेश उठला आणि म्हणाला, ‘मोठ्या माणसांचे सत्कार बास झाले, यंदा जितूदादाचा करूया.’ सगळ्या बैठकीनं टाळ्या वाजवल्या. इतका चांगला ठराव या मंडळात मी तरी ऐकला नव्हता. प्रितेश, मान वर कर बाळा. तुझ्या मनात जे होतं ते चांगलंच होतं आणि तो निर्णय सगळ्यांचा होता.

जितेंद्रला सांगायला आम्ही पाचसहा जण थांब्यावर गेलो. तो म्हणाला, ‘नको.’ आम्ही हसलो. तो म्हणाला, ‘आक्का, खरंच नको. नाव तर अजिबात टाकू नका.’ आम्ही आणखी हसलो. किती विनयशील पोरगा, असं एकमेकींना म्हणत घरी आलो.

पाहुण्यांनो, इथे थोडं थांबून मला आपल्या सगळ्यांच्या एका सवयीबद्दल बोलायचं आहे. शाल पहिल्याच खेपेला घेणारा माणूस आपल्याकडे निर्लज्ज ठरतो. सत्कारमूर्तीनं आधी नको म्हणायचं, मग ‘मी काय एवढं केलंय’ म्हणायचं, मग मित्रांनी त्याला दंडाला धरून खुर्चीवर बसवायचं, ही आपली पद्धत. नरहरीभाऊंनी त्यांच्या अमृतमहोत्सवाला तीनदा नको म्हटलं होतं. तिसऱ्या खेपेला आम्ही ‘बरं, राहू दे’ म्हणालो असतो तर भाऊ, तुम्ही वर्षभर आमच्याशी बोलला असता का? भाऊ हसतायत, म्हणजे नसते बोलले. पण ही पद्धत आपली आहे. पोटासाठी मुलूख सोडून आलेला, कंत्राटावर गाडी चालवणारा माणूस ‘नको’ म्हणतो तेव्हा तो नको म्हणत असतो. त्याच्या डोळ्यात त्या दिवशी काय होतं ते मी पाहिलं होतं. मला तो संकोच वाटला. ती भीती होती.

फ्लेक्स लागला. आगाशीच्या नाक्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला चुकवता येणार नाही असा. मजकूर मला पाठ आहे: ‘फुलांच्या टोपल्यांना बसमध्ये रोज मानाची जागा देणारे, खारआळीचे लाडके चालक श्री. जितेंद्र इंगोले यांचा जाहीर सत्कार.’ मधोमध फोटो. बसच्या शेवटच्या बाकापाशी, सात टोपल्यांच्या मध्ये, जितेंद्र उभा. हसत नव्हता, पण आम्हाला वाटलं फोटोसाठी गंभीर झाला असेल. खाली आम्हा शुभेच्छुकांचे हात जोडलेले चेहरे. सत्कार थाटात झाला. शाल, श्रीफळ, रुक्मिणीकाकूंच्या हातचा मोगऱ्याचा हार. सेबॅस्टियनभाऊंच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

दोनतीन दिवसांनी जितेंद्रला फोन आला की उद्यापासून कामावर येऊ नका.

चार्जशीट नाही. चौकशी नाही. तुमचं म्हणणं काय, असं कुणी विचारलं नाही. पहिली बस दुसराच चालक घेऊन आला आणि त्यानं दार उघडलं नाही, तेव्हा आम्हाला कळलं.

आम्ही काय केलं असेल? जे सेबॅस्टियनभाऊंच्या वेळी केलं होतं तेच. टेम्पो भरून विरारला गेलो. कंपनीचं कार्यालय म्हणजे एका इमारतीतला गाळा. काचेमागे एक मुलगी, फार अदबीनं बोलणारी. म्हणाली, ‘जितेंद्र इंगोले आमच्याकडे नाहीतच. चालक आम्हाला दुसरी एजन्सी पुरवते.’ आम्ही एजन्सी शोधत वसई रोडला गेलो. तिथे दाराला कुलूप, आणि पाटी बांधकामाच्या साहित्याची. शेजारचा म्हणाला, ‘ते आठवड्यातून एकदा येतात.’ पुन्हा विरारला. आता त्या मुलीला आमची दया आली असावी. तिनं कुणा साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. साहेब कुठल्या गावात होते ते आम्हाला आजही माहीत नाही.

साहेब शांतपणे म्हणाले, ‘तुमचं म्हणणं सांगा.’ आम्हाला हुरूप आला. नरहरीभाऊ म्हणाले, ‘साहेब, असा चालक शोधून सापडणार नाही.’ साहेब म्हणाले, ‘तो खरोखर टोपल्या न्यायचा का?’ रुक्मिणीकाकू फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाल्या, ‘रोज न्यायचा. दोन वर्सं झाली, एक दीस नाय चुकवला!’ आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात ‘हो, हो, रोज’ म्हटलं. साहेब म्हणाले, ‘धन्यवाद.’ फोन बंद झाला.

साक्ष द्यायला गेलो आणि त्यांच्या बाजूनं साक्ष देऊन परत आलो. मनवेलपाड्यापाशी थांबून आम्ही जितेंद्रच्या खोलीवर गेलो, तर स्वप्नाताईंनी आम्हा एवढ्या माणसांना चहा केला. शेजारून कप मागून आणले. एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. स्वप्नाताई, त्या दिवशी तुम्ही आम्हाला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तो चहा अजून घशाखाली उतरत नाही.

या सगळ्याचा दोष मी कंपनीला देऊन मोकळी होणार नाही. कंपनी ही कंपनी आहे, ती नफ्यासाठी गाडी चालवते आणि तसं तिनं लपवलेलंही नाही. नियम तिनं लिहिला, नियमाप्रमाणे वागली. कुणी म्हणेल, मग सरकारनंच चालवावं सगळं. कुणी म्हणेल, सरकारी गाड्यांचे हाल विसरलात का? नाही विसरले. मी पोस्टात होते, सरकारी खिडकीच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. पण मला एवढं कळतं की आगारप्रमुख ओरडले तरी ते आमचे होते. त्यांना आमच्या काकूंकडे बघावं लागलं, टोपलीवरचा ओला पंचा बघावा लागला. या नव्या व्यवस्थेत मी दारोदार हिंडले आणि जिथे माझं गाऱ्हाणं पोचेल असं एकही दार मला सापडलं नाही. बस बदलली त्याचं मला दुःख नाही. माझ्या गावची बस कुणाची आहे हे मला आज सांगता येत नाही, त्याचं आहे. रस्ता आपला, प्रवासी आपले, फुलं आपली, आणि ती कुणी न्यायची हे ठरवणारा माणूस फोनच्या पलीकडे कुठेतरी.

आणि आमच्यापैकी काहींना याचं फारसं काही वाटलेलं नाही, हेही सांगून टाकते. गेल्या महिन्यात बसमध्ये एक गृहस्थ मला म्हणाले, ‘एका अर्थी बरं झालं ताई, शर्ट ओले होत नाहीत.’

आज आळीतून सातऐवजी तीन टोपल्या जातात, त्याही सामायिक टेम्पोनं. टेम्पोवाल्याचा दोष नाही, त्याला डिझेल लागतं. रुक्मिणीकाकूंनी फुलं नेणं सोडलं. वाडीत मोगरा आहे, तो उमलतो, गळतो. काकूंकडे आम्ही या निरोपसमारंभाची वर्गणी मागायला गेलो तेव्हा त्यांनी काय म्हटलं ते सांगू का, काकू? सांगतेच. म्हणाल्या, ‘परत सत्कार? एकदा केला तेवढ्यानं पोट नाय भरला का तुमचा?’ आम्ही परत आलो. तासाभरानं त्याच आल्या, ओट्यावर बसल्या, आणि म्हणाल्या, ‘पोराला निरोप देऊन तरी पाठवू या. तोंड लपवून कसा पाठवायचा?’ म्हणून आज इथे शाल नाही, फोटो नाही. मोबाइल खिशात ठेवायला सांगितलंय ते त्याचसाठी. जितेंद्रला आधी विचारलं, येशील का. तो म्हणाला, ‘येतो, आक्का. कार्यक्रम म्हणून नाही. भेटायला येतो.’

जितेंद्र चाकणला चालला आहे. तिथल्या एका कारखान्याच्या कामगारांची बस चालवायची आहे. पगार बरा आहे म्हणतो. मेघनाची शाळा आणि स्वप्नाताईंची दवाखान्यातली नोकरी इथली, म्हणून त्या दोघी मनवेलपाड्यालाच राहणार. एका खोलीतलं तीन माणसांचं घर आता दोन गावांत मांडायचं. आम्ही त्याला चांगलं म्हणायला गेलो, त्यातून हे झालं. स्वप्नाताई, तुम्हाला कधीही, कशालाही, आळीतलं कुणी लागलं तर सांगा, असं मी म्हणणार होते. लिहून आणलं होतं. पण तुम्हाला लागणारा माणूस कोण ते मला माहीत आहे, आणि तो आम्ही घालवला.

जितेंद्र, तुला काय सांगू? मी तुझ्या आईच्या वयाची. नवीन ठिकाणी जीव लावू नकोस, असा शहाणपणाचा सल्ला मला देता आला असता. देत नाही. तू लावशीलच. फक्त तिथल्या लोकांनी तुझं कौतुक करायचं ठरवलं, तर त्यांना आमचा पत्ता दे. आम्ही येऊन समजावू.

आता आभार. अध्यक्ष नरहरीभाऊंनी तब्येत बरी नसताना खुर्ची स्वीकारली, या वेळी एकदाही नको न म्हणता. सेबॅस्टियनभाऊ आले. आले आणि व्यासपीठावर बसेपर्यंत जितेंद्रचा हात त्यांनी सोडला नाही, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. देवळाच्या विश्वस्तांनी सतरंज्या दिल्या, आळीतल्या डेल्फिननं सगळ्यांसाठी सरबत केलंय, प्रितेशनं खुर्च्या मांडल्या आणि सगळ्यात मागे जाऊन बसला. या सर्वांची मी ऋणी आहे.

भाषणाच्या शेवटी, बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायचा रिवाज आहे. मीही शेकडो वेळा म्हटलंय, पोस्टातल्या निवृत्तीच्या कार्यक्रमात, लग्नात, बारशात. कधी कुणाकडून खरंच क्षमा हवी होती म्हणून म्हटलं नव्हतं. आज हवी आहे. सभेची नको. जितेंद्र, स्वप्नाताई, तुम्हा दोघांची. आत्ता इथे काही बोलू नका. लोकांसमोर तुम्ही ‘असू दे’ म्हणाल आणि आम्ही सुटलो असं समजू. कधी मनापासून वाटलं तर कळवा. नाही वाटलं तरी आमची तक्रार नाही.

आणखी बोलायचं होतं, पण बाहेर वळणावर दिवे दिसतायत. विरारची शेवटची बस आली. हल्ली यानंतर गाडी नाही. तिचा चालक चांगला मुलगा आहे, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. परवा मी तळ्यापासून हात करत येत होते. त्यानं मला आरशात पाहिलं, अगदी नजरेला नजर मिळाली, आणि गाडी सोडली. नंतर भेटला तेव्हा खालच्या मानेनं म्हणाला, ‘मावशी, नाक्यावरचा तो फ्लेक्स मीपण वाचला होता.’

जितेंद्र, ऊठ. मेघनाला उचलून घे. स्वप्नाताई, सरबत राहू द्या. पळा आता, ती तुमच्यासाठीसुद्धा थांबणार नाही.